ट्रेनीच्या पोस्टला साहेब अपात्र

अर्ज पाठवल्यावर चौथ्या सेकंदाला दर्शनाच्या मोबाइलवर नकार आला. मी शेजारीच उभा होतो, म्हणून सेकंद मोजता आले.

"सर, वाचला तरी का कोनी?" तिनं विचारलं.

कोणीच वाचला नव्हता. आमच्याकडे नोकरीचा अर्ज आधी माणूस वाचत नाही, पोर्टल वाचतं. दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, डिग्री कसली, मध्ये किती वर्षं गॅप. एवढं बघून ते ठरवतं की अर्ज पुढे सरकवायचा की तिथूनच नमस्कार करायचा. याला आम्ही फिल्टर म्हणतो.

मी सावंत. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका आयटी कंपनीत सपोर्ट मॅनेजर आहे. कॉम्प्युटर अडकला, पासवर्ड विसरला, नेट गेलं की लोक ज्या टीमच्या नावानं खडे फोडतात, ती टीम माझी. भरीला ते पोर्टलही माझ्याच गळ्यात आहे. आणि दर्शना तांडेल आमची रिसेप्शनिस्ट. राहणारी सारसोळ्याची. सहा वर्षं त्या काउंटरवर बसत होती, त्यामुळे कंपनीतला प्रत्येक माणूस आणि प्रत्येकाचं रडगाणं तिला तोंडपाठ होतं.

महिनाअखेर तिचा काउंटर जाणार होता. त्या जागी एक टॅब्लेट बसवायचा ठरला होता. येणाऱ्यानं नाव टाकायचं, फोटो काढायचा, पास घ्यायचा. टॅब्लेटला पगार नाही, रजा नाही. दर्शनाला तसं तोंडावरच सांगून झालं होतं. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. घरात एकच पगार येत होता, तो हिचा.

त्याच सुमारास माझ्या टीममध्ये ट्रेनी सपोर्ट इंजिनिअरची एक जागा निघाली. मीच तिला म्हटलं, अर्ज कर. मी काही दयाबिया दाखवत नव्हतो. त्यामागे कारण होतं.

आमच्या धंद्यात तक्रारीला टिकेट म्हणतात. तुमचं काही बिघडलं की तुम्ही टिकेट टाकायचं, त्याला नंबर पडतो, मग माझी पोरं तुम्हाला फोन करतात. दोन महिन्यांपूर्वी एका आठवड्यात अचानक टिकेटं दुप्पट झाली. मला वाटलं, व्हायरस घुसला. दोन दिवस झोप नाही. सर्व्हर तपासले, नेटवर्क तपासलं, क्लायंटला उगाच माफीचे मेल घातले. काही सापडेना. मग दर्शना रजेवरून परत आली आणि टिकेटं पुन्हा निम्म्यावर. बाई नणंदेच्या हळदीला गेली होती! चार दिवसांची हळद, आणि इकडे माझी टीम आडवी.

चौकशी केली तेव्हा कळलं. लोक टिकेट टाकायच्या आधी रिसेप्शनला फोन लावत होते. "दर्शना, मीटिंग रूममधला टीव्ही येत नाहीये गं." "दर्शना, माझं व्हीपीएन बघ ना." व्हीपीएन म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा रस्ता, तो दर सोमवारी रुसतो. ती फोनवरच सांगायची, हे बंद करा, ते चालू करा. तिच्याकडे एक वही होती. मी ती मागून घेतली. त्यात लिहिलेलं, 'मीटिंग रूम दोन. आधी केबल, मग रिमोट. उलटं केलं तर चिडतो.' पुढच्या पानावर, 'अकाउंट्सचे प्रधान काका. पासवर्ड बदलला की मोबाइलमधला बदलायला विसरतात. मग लॉक. दर महिन्याला.' अशी दीडशे पानं. माझ्या टीमनं तीन वर्षांत जे डॉक्युमेंट बनवलं नव्हतं, ते या बाईनं येणाऱ्या-जाणाऱ्यांना पास देता देता लिहून काढलं होतं. खरं सांगतो, मला लाज वाटली.

तर अशा बाईला पोर्टलनं चार सेकंदांत हाकललं. ती बी.ए., इतिहास घेऊन. टक्के अठ्ठेचाळीस. लग्न आणि बाळंतपण धरून पाच वर्षांचा गॅप. आमची अट बी.ई. किंवा बी.टेक., दहावीपासून सगळीकडे साठ टक्के, गॅप एक वर्षाच्या वर नको.

मी तडक एचआरच्या मेघना मॅडमकडे गेलो.

"मॅडम, ही कसली मूर्ख अट आहे?"

"सावंत सर, पोर्टलमध्ये ती तुम्हीच टाकलीय," त्या म्हणाल्या.

टाकली होती खरी. काही वर्षांपूर्वी दोन जागांना सातशे अर्ज आले होते. मॅडम वाचून वाचून मेटाकुटीला आल्या होत्या. तेव्हा मी समोसा खात खात एका दुपारात तो फिल्टर बनवून दिला होता आणि वर सगळ्यांकडून शाबासकीही घेतली होती.

"मग आता दर्शनापुरता काढू?"

"एकासाठी काढला तर उद्या सगळे येतील. राजवाडे सरांची परवानगी आणा. आणि त्यांना पुरावा लागतो, तुम्हाला माहितीये."

राजवाडे सर आमचे मोठे साहेब. माणूस वाईट नाही, पण नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही असं व्रत घेतल्यासारखा वागतो. आकडा दाखवा, मग बोला. म्हटलं, ठीक आहे, दाखवतो आकडा. आमच्या विभागात एचआर आणि साहेब धरून बेचाळीस माणसं. सगळे चांगलं काम करतात, निदान करतात असं दर वर्षी आम्हीच लिहून देतो. या बेचाळीस जणांना तोच फिल्टर लावून बघू. किती गळतात ते साहेबांना नेऊन दाखवू. कल्पना मला इतकी आवडली की जेवायचा डबाही तसाच राहिला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. असले प्रयोग खऱ्या पोर्टलवर करायचे नसतात. त्यासाठी एक टेस्ट सर्व्हर असतो, म्हणजे सरावासाठीचं खोटं पोर्टल. तिथे काय वाटेल तो गोंधळ घाला, बाहेर काही जात नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. अगदी बोट नाचवून शिकवतो. पण आमचा टेस्ट सर्व्हर महिनाभर बंद होता, कारण तो चालू करायचं टिकेट माझ्याकडेच पडून होतं. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम. नुसतं बघायचंय. खऱ्यावरच करू.

केलं. एचआरच्या नोंदीतली सगळ्यांची माहिती पोर्टलला दिली. बेचाळीसपैकी चौदा जण गळले. पहिलं नाव माझंच! बी.एस्सी. केमिस्ट्री, बारावीला चोपन्न टक्के. मी खुर्चीत मागे टेकून मनापासून हसलो. मग यादी खाली सरकवली आणि दिसलं, राजवाडे सर, बी.कॉम. त्याच्या खाली मेघना मॅडम. त्या एमबीए, पण त्याआधीची डिग्री सायकॉलॉजीची, म्हणून गळल्या. वा! याहून भारी पुरावा कुठे मिळणार? मी यादीची प्रिंट काढली, डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला.

"सावंत," राजवाडे सर अगदी हळू आवाजात बोलत होते. ते ओरडतात तेव्हा काळजी नसते. "मी ट्रेनीच्या पोस्टसाठी अर्ज केला होता का?"

घास तसाच राहिला.

"नाही सर. का?"

"कारण मला रिग्रेट लेटर आलंय. 'डिअर अविनाश राजवाडे, तुमची शैक्षणिक पात्रता या पदासाठी कमी पडते. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' माझ्या पर्सनल मेलवर आलंय. आणि तो मेल घरच्या आयपॅडवर उघडा असतो, सावंत. बायकोनं वाचला. तिचा फोन आला होता. म्हणाली, ऑफिसात काही झालंय का? मला का नाही सांगितलंत? आणि मग म्हणाली, आणि तिथेपण नाही घेतलं?"

झालं होतं असं. पोर्टलला प्रयोग वगैरे काही कळत नाही. ज्याचं नाव फिल्टरला लावलं तो त्याच्या लेखी उमेदवार, गळला की त्याला मेल. मेल बंद करायची खूण वेगळी होती आणि ती मी केलीच नव्हती. चौदा घरांत चौदा रिग्रेट लेटरं गेली होती. दोन मिनिटांत मेघना मॅडम माझ्या टेबलापाशी. हातात मोबाइल. चेहरा लालबुंद.

"सर, हे बघा. खाली सही कोणाची आहे वाचा."

सही त्यांचीच होती. असले सगळे मेल त्यांच्याच नावानं जातात. मॅडमनी स्वतःला नाकारून स्वतःला शुभेच्छा दिल्या होत्या.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. माझी नोकरी जाते की राहते एवढाच प्रश्न माझ्यापुरता होता.

"हे मुद्दाम केलंस?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. मुद्दाम केलं असतं तर इतकं नीट झालं नसतं."

साहेब हसले नाहीत. मी सगळं सांगितलं. दर्शनाची वही त्यांच्यापुढे ठेवली. ते चष्मा लावून वाचत बसले. पंधरा-वीस पानं वाचली असतील. एका पानावर थांबले. मी डोकावून बघितलं. 'राजवाडे सर. लॅपटॉप हँग झाला सांगतात. हँग नसतो. साठ टॅब उघडे असतात. बोलायचं नाही, हळूच बंद करायचे.'

"हे ती बंद करत होती?" ते म्हणाले. "मला वाटायचं, आपोआप बरा होतो."

मॅडमना खोकला आला.

"तीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही की तू बी.कॉम. कसा," साहेब म्हणाले. "आज पहिल्यांदा विचारलं, तेही माझ्याच कंपनीनं. ठीक आहे. या एका पोस्टचा फिल्टर काढा. पण फुकट काही मिळणार नाही. फिल्टरमधून पास झालेले दोन इंजिनिअर आहेत ना? त्यांच्याबरोबर तिचाही इंटरव्ह्यू. नापास झाली तर विषय संपला, पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. आणि सावंत, तुला सोडून बाकी तेरा जणांना माफीचा मेल. प्रत्येकाला वेगळा."

इंटरव्ह्यूला चार दिवस होते. जेवणाच्या सुट्टीत मी दर्शनाला शिकवायला बसलो. शिकवणं हा माझा प्रांत नाही हे माझ्या मुलीनं दहावीतच सांगितलं होतं. तरी बसलो. डीएनएस घेतलं. म्हणजे तुम्ही वेबसाइटचं नाव टाकता आणि ते नाव कॉम्प्युटरला समजणाऱ्या नंबरात बदलून देणारी यंत्रणा. मी फळ्यावर बाण काढले, चौकोन काढले, पुन्हा पुसले.

"कळलं?"

"नाय सर."

"कुठून नाही कळलं?"

"पयल्या चौकोनापासून." मग म्हणाली, "सर, एक विचारू? नाय झालं सिलेक्शन तर एक तारखेपासून मी काय करनार? आईसोबत बाजारात मासळी घेऊन बसायला मला लाज नाय. पन सहा वर्षं इथं बसले, ते कुटंच मोजत नाय का?"

मी म्हटलं, डीएनएस पुन्हा करू.

इंटरव्ह्यू दुसऱ्या मजल्यावर झाला. आधी तोंडी प्रश्न. दोन्ही इंजिनिअर, एक मुलगा, एक मुलगी, फाडफाड बोलले. मुलगी तर फारच हुशार होती. मग दर्शना. साहेबांनी विचारलं, "डीएनएस म्हणजे काय?"

"सर, ते सावंत सरांनी चार दिवस शिकवलं. नाय समजलं."

साहेब आणि मॅडम, दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. पुढचे सहा प्रश्न झाले, त्यातल्या दोनांची उत्तरं आली. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, तेव्हाच मला कळलं की हे हातातून चाललंय.

पुढे प्रॅक्टिकल होतं. मार्क लिहायचे तक्ते आणायला मॅडम बाहेर गेल्या आणि वैतागून परत आल्या. "प्रिंटच येत नाहीये. बारा वाजल्यापासून. तीनतीनदा दाबलं."

साहेब म्हणाले, "वा! हेच प्रॅक्टिकल. बोलवा तिघांना."

तिघं मॅडमच्या लॅपटॉपपुढे उभे राहिले. मुलगा म्हणाला, ड्रायव्हर काढून परत टाकावा लागेल, ॲडमिन पासवर्ड द्या. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरशी बोलायचं सॉफ्टवेअर. मुलगी म्हणाली, आधी प्रिंटची रांग अडकलीय का बघूया. दोघांचंही चूक नव्हतं. मीही तेच केलं असतं. दर्शना लॅपटॉपकडे बघतच नव्हती, ती मॅडमकडे बघत होती.

"मॅडम, एरर दाखवतो का काय?"

"नाही. प्रिंट झाली असं सांगतो. खोटारडा."

"खोटं नसेल बोलत. झाली असनार. तुमी शनिवारपर्यंत चौथ्या मजल्यावर बसत होतात ना? सामान खाली आनलं. लॅपटॉपमधला प्रिंटर बदलला का कोनी?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"म्हनजे वरती निघतंय सगळं," दर्शना म्हणाली. "बारा वाजल्यापासून काय काय काढलंत?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. मार्कांचे तक्ते तर आत्ताचे. त्याआधी त्यांनी आमच्या सगळ्या विभागाची अप्रेझल लेटरं प्रिंटला दिली होती. कोणाचं काम कसं, कोणाला बढती, कोणाला नाही. तीन तीन प्रतींत.

दर्शनानं भिंतीवरच्या फोनवरून न बघता चौथ्या मजल्याचा नंबर फिरवला. "हॅलो, मी दर्शना. तिकडं प्रिंटरजवळ कोन हाय?" ऐकलं आणि फोनवर हात ठेवून आमच्याकडे वळली. "सगळेच हायेत म्हनतो."

मॅडम जिन्याकडे पळाल्या. लिफ्टची वाट बघायला त्यांना सवडच नव्हती. साहेब उठून उभे राहिले. "माझंही लेटर आहे त्यात?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मी मान डोलावल्यावर तेही जिन्याकडे. मागे वळून ते दर्शनाला म्हणाले, "फोनवर सांग, कोणी कागदाला हात लावायचा नाही!"

ती फोनवर म्हणाली, "सायेब येतायत. जागेवर बसा." माझ्या मते त्या दिवसातला सर्वांत कामाचा सल्ला तोच होता. साहेब पोचेपर्यंत चौथा मजला मान खाली घालून कामाला लागलेला होता आणि लेटरांचा गठ्ठा नीट पालथा घातलेला होता.

न्यायानं सांगायचं तर त्या मुलीलाही पाच मिनिटांत ते सापडलं असतं. म्हणून साहेबांनी तिलाही घेतलं. माझ्याकडची एक जुनी रिकामी जागा त्यांना अचानक आठवली. आणि दर्शनाला घेतलं. हातात कागद पडल्यावर तिनं वळून नवऱ्याला फोन लावला, आणि "झालं रं, झालं" एवढंच म्हणून रडली. मी उगाच प्रिंटर तपासत उभा राहिलो. माझेही डोळे भरले होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

फक्त कागदावर एक अट होती. मॅडमनी घातलेली, साहेबांनी मान्य केलेली. तीन वर्षांत कॉम्प्युटरची डिग्री घ्यायची. दर्शनानं बाहेरून बी.सी.ए.ला नाव घातलं. दिवसा टिकेटं, रविवारी अभ्यास, परीक्षेच्या आधी माझ्याकडून रजा. डीएनएस तिला शेवटी त्या नव्या इंजिनिअर मुलीनं शिकवलं, दहा मिनिटांत. तीन वर्षांत दर्शनानं सगळे पेपर सोडवले. मधल्या काळात तिनं दोनदा वरच्या जागेसाठी, म्हणजे एल-टूसाठी अर्ज केला. एल-टू म्हणजे फोनवर न सुटणारी टिकेटं सोडवणारी टीम. दोन्ही वेळा पोर्टलनं नाही म्हटलं. मी म्हणायचो, डिग्री होऊ दे, मग बघू.

डिग्री झाली. पेढे झाले. तिसऱ्यांदा अर्ज केला. चार सेकंदांत नकार.

एल-टूची अट बी.ई. होती. बी.सी.ए. चालत नव्हतं. साहेबांनी फिल्टर काढायला सांगितला होता तो एका पोस्टचा. बाकीच्या पोस्टवरचे तसेच होते. मी तीन वर्षं तिला थांब म्हणत होतो आणि एल-टूचा फिल्टर एकदाही उघडून बघितला नव्हता.

पुढच्या सोमवारी तिनं राजीनामा दिला. ऐरोलीच्या एका कंपनीनं तिला थेट एल-टूला घेतलं होतं.

"दर्शना, अगं मी बदलतो ना फिल्टर. आजच बदलतो. दहा मिनिटांचं काम."

"तेच तर, सर," ती म्हणाली. राग नव्हता, तेच जास्त लागलं. "दहा मिनिटांचं काम होतं."

नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड तिनं इमानदारीत भरला. जाताना सगळ्यांना भेटली, प्रधान काकांना त्यांचा पासवर्ड मोबाइलमध्ये बदलून दिला, आणि गेली. तिच्या जागेची जाहिरात काढायला मेघना मॅडम माझ्याकडे आल्या. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना, शैक्षणिक पात्रता.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"तो शेवटी भरू," मी म्हटलं. "आधी काम काय आहे ते लिहा."